मे महिन्यात ओव्हरक्लॉक केलेलं कार्ड: आधी खोली मोजा, मग कार्ड उघडा

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलेलं, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवलेलं: कोअर (मुख्य चिप) +१५० मेगाहर्ट्झ, मेमरी +८००, पॉवर लिमिट (कार्डाने किती वॉट खायचे त्याची मर्यादा) शेवटपर्यंत ओढलेलं, पंखे बारा महिने ८० टक्क्यांवर फिक्स. जानेवारीत गेममध्ये ६९ डिग्री यायचं, आता ८४ येतंय आणि तासाभरात गेम अडखळायला लागतो. दुकानदार म्हणतो चिप आणि हीटसिंकमधली पेस्ट वाळली, कार्ड खोलू. खोलायचं की सरळ लिक्विड कूलिंग बसवायचं?

दोन्ही नको. निदान एवढ्यात तरी नको.

कार्डावरचा हीटसिंक (धातूच्या पात्यांचा गठ्ठा) आणि पंखे मिळून चिपची उष्णता उचलतात आणि खोलीतल्या हवेत टाकतात, बस्स. त्यामुळे नुसत्या ८४ ला काही अर्थ नाही. चिप आणि बाहेरची हवा यांच्यात फरक किती, ते बघायचं. जानेवारीत खोली २४ ला असेल तर तुमचा फरक ४५ होता. आता तुम्ही वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेला स्लॅब डोक्यावर; संध्याकाळी सातला खोली ३९ असणं सांगलीत काही नवलाचं नाही. ८४ मधून ३९ गेले, राहिले ४५च. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, पण तुमच्याकडेही असंच निघालं तर पेस्ट निर्दोष आहे. ती वाळली असती तर हा फरक वाढला असता. एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि भिंतीवर न टांगता केसच्या (कॉम्प्युटरच्या डब्याच्या) तोंडाशी, हवा आत जाते तिथे ठेवा.

तिथेच पुष्कळांची गंमत होते. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलाला सीपीयू ठेवायचा खण असतो, मागून प्लायवूडने बंद. केसने मागून फेकलेली गरम हवा फिरून परत पुढून आत जाते. खोली ३६, खण मात्र त्याहून बराच तापलेला. मागचं प्लाय काढा किंवा केस टेबलावर घ्या. याला पैसे लागत नाहीत म्हणून कुणी करत नाही.

मग एक तपासणी. केसची बाजूची काच काढून अर्धा तास तोच गेम, तोच सीन चालवा. तापमान आठ-दहा डिग्रीने उतरलं तर केस गुदमरतेय. दोन-तीननेच उतरलं तर केसचा दोष नाही. गुदमरत असेल तर उदबत्ती लावा आणि एकेका पंख्याजवळ धरा. धूर आत ओढला जातोय की बाहेर ढकलला जातोय ते लगेच दिसतं. पुढचे दोन आत, मागचा एक बाहेर, एवढं पुरतं. पुढून अख्खी काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या केसेस दिसायला झकास असतात, पण त्या फटीतून तीन पंख्यांनासुद्धा पुरेशी हवा ओढता येत नाही.

काच कायमची काढून टेबल फॅन लावू म्हणाल, तर तुम्ही मार्केट यार्डाजवळ राहता हे लक्षात घ्या. हळदीची आवक असते त्या दिवसांत तिथली बारीक धूळ हीटसिंकच्या पात्यांत जाऊन बसते. त्यापेक्षा काच लावून ठेवा आणि पुढचा जाळीचा फिल्टर दर आठवड्याला झटका. साफ करताना ब्लोअर चालेल, पण कार्डाचा पंखा बोटाने धरून. नाहीतर तो भन्नाट फिरतो आणि बेअरिंग जातं. गॅरेजवाल्याकडच्या कंप्रेसरची हवा अजिबात नको, त्यात पाणीही असतं आणि तेलही. पाण्याच्या कूलरचा झोतही थेट केसवर नको. त्याचे तुषार उडतात आणि बोअरचं पाणी असेल तर पांढरे क्षार बोर्डावर बसतात.

आता ओव्हरक्लॉककडे येऊ, खरी मेख इथेच आहे. +१५० मुळे कार्ड फारसं तापत नाही हो. तापवतंय ते पॉवर लिमिट. ३०६० मूळ १७० वॉटचं कार्ड. स्लायडर वर नेला की ते जास्तीचे वॉट खातं आणि सगळे उष्णता होऊन बाहेर पडतात. वर ८३ डिग्रीच्या आसपास हे कार्ड स्वतःच क्लॉक (चिपचा वेग) उतरवायला लागतं. म्हणजे तुम्ही +१५० देताय आणि उन्हाळा ते परत काढून घेतोय. गेम अडखळताना आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग्ज बदलायचं सॉफ्टवेअर) क्लॉकची रेघ बघा, पायऱ्या उतरल्यासारखी खाली येताना दिसेल.

चिप किती वीज खाते ते क्लॉकच्या प्रमाणात वाढतं, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. तोच क्लॉक १.०५ ऐवजी ०.९० व्होल्टवर चालला तर चिपच्या स्विचिंगचा वीजखर्च साधारण २७ टक्क्यांनी घटतो. कुठलाही महागडा कूलर यापुढे फिका. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबून व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह (आलेख) उघडा. आधी कोअरचा स्लायडर -२०० वर आणून अख्खी रेघ खाली घ्या, मग ९०० मिलिव्होल्टचा ठिपका उचलून १८६० मेगाहर्ट्झवर ठेवा आणि अप्लाय करा. त्याच्या उजवीकडची रेघ आपोआप सपाट होते. या कार्डाचा कंपनीने सांगितलेला बूस्ट क्लॉक १७७७ मेगाहर्ट्झ आहे, म्हणजे ओव्हरक्लॉक तुमचा शाबूतच राहतो. पॉवर लिमिट परत १०० टक्क्यांवर आणा.

टेस्ट भर दुपारी घ्या. थंडीत टिकलेली सेटिंग तापलेल्या चिपवर टिकेलच असं नाही. गेम बंद पडला तर १५ मेगाहर्ट्झ उतरून पुन्हा बघा. सेटिंग पक्की होईपर्यंत विंडोजबरोबर आपोआप लागू होऊ देऊ नका. मेमरी +५०० वर आणा असं मी म्हणेन. ३०६० वर मेमरीचं तापमान दिसत नाही आणि जे दिसत नाही ते मी उन्हाळ्यात ताणत नाही.

लिक्विड कूलिंग लावून चिप थंड होईल, खोली नाही. ती उष्णता रेडिएटरमधून त्याच खोलीत येणार आणि तुम्ही तिथेच घाम पुसत बसणार. तेवढे पैसे असतील तर एक एक्झॉस्ट फॅन बसवा खिडकीत आणि गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या. घरचेही दुवा देतील.

एवढं करूनही एचडब्ल्यूइन्फोमध्ये (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) हॉटस्पॉट, म्हणजे चिपची सगळ्यात तापलेली जागा, कोअरपेक्षा २५-३० डिग्रीने वर दिसत असेल तर मात्र दुकानदार बरोबर, पेस्ट सरकलीय. साधारण १०-१५ चा फरक चालतो. खोलण्याआधी वॉरंटी संपलीय का ते बघा, आणि मेमरीवरचे जुने थर्मल पॅड किती जाडीचे आहेत ते मोजल्याशिवाय नवे आणू नका. पॅड जाड पडला तर हीटसिंक चिपवर नीट टेकत नाही आणि ८४ चे ९५ होतात.