इंग्रजीचं बोट सोडा, मराठीचं धरा : लात्व्हियन भाषेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की लात्व्हियनमध्ये, म्हणजे युरोपातल्या लात्व्हिया देशाच्या भाषेत, डोळ्याला 'अत्स' आणि धुराला 'दूमि' म्हणतात आणि त्यात आपले अक्षि आणि धूम ओळखू येतात. त्यावर पत्रं आली, त्यातली चार घेतलीयेत.

प्रश्न : ताई, मी मूळचा सांगलीचा, लात्व्हियाच्या राजधानीत, रिगाला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवतात इंग्रजीत, पण पेशंटशी बोलायला लात्व्हियन लागणार. मी मनात इंग्रजी वाक्य करतो आणि डिक्शनरीतून एकेक शब्द बदलतो, पण 'आय हॅव'लाच गाडी अडते. काय करू?

उत्तर : अरे, अडणारच, कारण 'माझ्याकडे आहे' हे सांगायला लात्व्हियन लोक तसलं क्रियापद वापरतच नाहीत. तू घरी काय म्हणतोस? 'मला दोन भाऊ आहेत.' मग तेच म्हण, मन इर दिवि ब्राल्यि. मन म्हणजे मला, इर म्हणजे आहे किंवा आहेत, दिवि म्हणजे दोन आणि ब्राल्यि म्हणजे भाऊ, आपला भ्राताच तो. शब्दांचा क्रम तेवढा इकडेतिकडे, बाकी वाक्य मराठीच आहे!

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं भराभर येतं. मला आवडतं, मन पतीक. मला थंडी वाजतेय, मन इर औक्स्ति. मला जायला हवं, मन या-इएत, इथे 'हवं'साठी वेगळा शब्द नाही, क्रियापदाच्या सुरुवातीला नुसता 'या' जोडतात. डोकं दुखतं हे मात्र आपण 'माझं' लावून सांगतो आणि ते तिथेही 'मला'च लावतात, मन साप गल्वा, एवढं लक्षात ठेव कारण पेशंट हेच वाक्य सगळ्यात जास्त बोलणार. आणि जेवणाखाण्याचं आवडतं ते वेगळं, तिथे पतीक नाही, मन गर्शुओ म्हणायचं, म्हणजे मला चव लागते. चहा आवडतो हे 'पतीक' लावून सांगितलंस तरी समजेल, पण कानाला खटकेल.

तुझ्या अभ्यासाचं अजून एक. इंग्रजीत हँड वेगळा आर्म वेगळा, लेग वेगळा फूट वेगळा. लात्व्हियनमध्ये रुओका म्हणजे अख्खा हात, काया म्हणजे अख्खा पाय, आणि टो म्हणजे कायास पिर्क्स्ट्स, शब्दशः पायाचं बोट. इंग्रजीतून गेलास तर चार शब्द शोधत बसशील, मराठीतून गेलास तर शोधायलाच नको.

आणि माझी सगळ्यात लाडकी गोष्ट सांगायची राहिलीच. पेशंटचा शेजारी येऊन सांगतो, 'विन्श एसुओत स्लिम्स.' डिक्शनरी म्हणेल 'ही इज सिक', पण त्या 'एसुओत'मध्ये आपला 'म्हणे' आहे. तो आजारी आहे म्हणे. म्हणजे बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेलं नाही, ऐकलेलं सांगतोय. यासाठी त्यांच्याकडे क्रियापदाचं अख्खं वेगळं रूप आहे. इंग्रजीत भाषांतर करताना हा 'म्हणे' गळून पडतो, आणि उद्या केस हिस्टरी घेताना कोणी काय स्वतः बघितलं आणि काय नुसतं ऐकलं हे तुला कळायला हवं ना.

प्रश्न : माझा मुलगा तिकडे नोकरी करतो, इंग्रजी म्हणी शब्दाला शब्द लावून लात्व्हियनमध्ये सांगतो आणि ऑफिसातले लोक नुसते बघत राहतात म्हणाला. त्यांच्या म्हणी कशा असतात? (डोंबिवली)

उत्तर : त्याला सांगा, शब्द नको, प्रसंग उचल. इंग्रजीत कुत्री-मांजरं पडतात तो पाऊस तिथे बादलीने ओततो, लीस्त का नुओ स्पाइन्या. किंवा 'यान्यि सणासारखा पडतोय' म्हणतात, यान्यि म्हणजे जूनच्या 23-24 तारखेचा त्यांचा मोठा सण, रात्रभर शेकोट्या पेटवून जागतात आणि पावसाने भिजायची सवय सगळ्यांनाच असते. एका दगडात दोन पक्षी तर तिथे एका गोळीत दोन ससे. कढईतून विस्तवात पडायचं ते तिथे लांडग्यापासून पळताना अस्वलाच्या तावडीत सापडणं, आपलं आगीतून फुफाट्यात. न बघता माल घेतला तर इंग्रजीत पोत्यात डुक्कर, तिथे पोत्यात मांजर. पूस्त पीलीतेस, म्हणजे बदकाची पिल्लं फुंकणं, ह्याचा अर्थ थापा मारणं. आणि कोणी 'एइ बेकुओत' म्हणालं, म्हणजे 'जा मशरूम गोळा कर', तर मुलाने टोपली घेऊन निघू नये, ते 'जा बाबा, डोकं खाऊ नको' असं आहे. मशरूम त्यांच्या जगण्यात इतके आहेत की शिवीऐवजी पण तेच येतात, मला हे फार गोड वाटतं.

प्रश्न : मी पुण्यात लोकलायझेशनचं काम करते. आमच्या ॲपची इंग्रजी वाक्यं लात्व्हियनला पाठवली तर तिकडच्या भाषांतरकाराने अर्धी परत पाठवली, 'हाय अमुक' सारखी साधी वाक्यंसुद्धा. एवढं काय कठीण आहे त्यात?

उत्तर : तुमच्या भाषांतरकाराचं बरोबर आहे हो. लात्व्हियनमध्ये नाव प्रत्येक विभक्तीत बदलतं. पुरुषाच्या नावाला शेवटी बहुतेक 'स' लागतो, शेक्सपियरचा शेक्स्पीर्स होतो, आणि हाक मारताना यानिसचा यानि होतो. म्हणजे रिकाम्या जागेत नाव टाकून वाक्य चालत नाही. नमस्कारसुद्धा बाईला स्वेइका, पुरुषाला स्वेइक्स. शिवाय 'यू' म्हणजे तू की तुम्ही हे तुम्ही ठरवून द्यायला हवं, तिथे तु आणि यूस असे दोन आहेत आणि बँकेच्या ॲपने कोणाला तु म्हटलेलं बरं दिसत नाही. आकड्यांचं तर नक्की तपासा : 21, 31, 101 यांच्यापुढे एकवचन येतं, 11 च्या पुढे मात्र अनेकवचन. इंग्रजीसारखं 'एक असेल तर असं, नाहीतर तसं' एवढंच कोडमध्ये ठेवलं तर 21 फाइल्सना चुकणार. मराठीतही 'तुमचा' की 'तुमची' यावर आपण अडतो, तेव्हा इंग्रजीच्या एका साच्यात सगळं बसवायचा हट्ट मुळातच सोडा, प्रत्येक वाक्य पूर्ण द्या आणि ते कुठल्या स्क्रीनवर येतं तेही सांगा.

आणि हो, तंत्रज्ञानाचे शब्द इंग्रजीच ठेवू का असं विचारलंय, नका ठेवू. त्यांना स्वतःचे शब्द वापरायची सवय आहे. टेलिफोनला ताल्रुनिस, ताल म्हणजे दूर आणि रुना म्हणजे बोलणं, आपला दूरध्वनीच. स्मार्टफोन विएदताल्रुनिस, म्हणजे शहाणा दूरध्वनी, आणि तो लोक खरंच वापरतात. आपला दूरध्वनी मात्र पाट्यांवर आणि सरकारी पत्रांतच उरला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

प्रश्न : मुलगी रिगाला शिकते, घरमालकीणबाई तिची आईसारखी काळजी घेतात. व्हिडिओ कॉलवर त्यांना काय म्हणू? मला इंग्रजी फारसं येत नाही. (सातारा)

उत्तर : इंग्रजीची गरजच नाही काकू. पल्दिएस म्हणा, म्हणजे धन्यवाद. 'देव मदत करो' या अर्थाचे दोन शब्द एकत्र होऊन तो झालाय, देवाला ते दिएव्स म्हणतात. तुम्ही पल्दिएस म्हणालात की त्या लूड्झु म्हणतील. लूड्झु म्हणजे प्लीज, आणि हे घ्या, आणि आभार कसले, तिन्ही. मग तुम्ही नुसतं हसा, आणि पुढचं सगळं सरळ मराठीत बोला, मुलगी आहे की मधे सांगायला.