अळीला सवय लागली?

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

दहावीचा उत्क्रांतीचा धडा कुठून सुरू करू, असं विचारलंस. जिराफापासून नको. आपल्या पोरांनी जिराफ चित्रातच पाहिलाय. गुलाबी बोंडअळी मात्र प्रत्येकाच्या शेतात आहे. वर्गात एवढंच विचार: बीटी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच बनवणाऱ्या, कपाशीवर आधी अळी मरायची, आता का मरत नाही? कुणीतरी म्हणेलच, "सर, अळीले सवय पडी गयी."

त्या 'सवय' शब्दावर दोन तास गेले तरी जाऊ दे. सगळी गाठ तिथेच आहे. विष खाल्लेली अळी मरते. तिला सवय लागणार कधी? क्वचित एखादी जन्मतःच वेगळी असते, तिच्या आतड्यात ते विष पकड घेत नाही. ती उरते, तिचीच पिलावळ वाढते. बदलते ती अळी नव्हे, अळ्यांची वस्ती. बीटी २००२ साली आलं, दोन जनुकांचं २००६ ला, आणि २०१७ ला महाराष्ट्रभर बोंडं पोखरली गेली. अळीची पिढी महिना-दीड महिन्याची. मधल्या पिढ्या किती, ते पोरांनाच मोजू दे.

मग पूर्वी ४५० ग्रॅम बियाण्यासोबत मिळायच्या त्या १२० ग्रॅमच्या बिगर-बीटी पाकिटाचा विषय काढ. ते बियाणं शेताच्या कडेने ओळींत पेरावं, त्या ओळींवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा वेगळ्यांशी संकर व्हावा आणि विष पचवण्याचा गुण अप्रभावी (आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा) असल्याने पुढची पिलं बीटीवर मरावीत, असा तो हिशेब. मेंडेल इथे आपसूक येतो. हिरवी बोंडअळी तूर-हरभऱ्यावरही जगते, तिला असा आसरा फुकट मिळतो. गुलाबीचं पोट जवळपास कपाशीवरच.

इथे मी एकदा घसरलो. "पाकीट फेकणारे अडाणी," असं वर्गात बोलून गेलो. पुढच्या बाकावरच्या मुलीने मान खाली घातली, ती महिनाभर वर केली नाही. तीन एकरवाल्याने पाच ओळी अळीला सोडाव्यात, हे खडू हातात धरून सांगायला काय जातं?

दुसऱ्या दिवशी मैदानात ने. काळ्या मातीवर पन्नास उडीद आणि पन्नास दादरचे (पांढऱ्या ज्वारीचे) दाणे विखर. चार पोरं पाखरं. वीस सेकंदांत दिसेल ते टिपायचं. उरलेत तेवढेच, त्याच रंगाचे दाणे आणखी टाकायचे. तीन फेऱ्यांत माती उडदाने भरते. तेव्हा विचार, एकतरी दादर काळी झाली का? मग तोच खेळ पांढऱ्या चादरीवर मांड, उडीद हरतील.

रावेर-यावलची पोरं असतील तर केळीचंही विचार. कंदापासून किंवा टिश्यू कल्चरची रोपं, सगळी एकाच साच्यातली. रोग आला तर निवड कशातून व्हायची? उत्तर लगेच देऊ नकोस.

डोमकळी, म्हणजे गुलाबी अळीमुळे न उमललेलं मिटकं फूल, दाखवायला हवी असेल तर ऑगस्टअखेर ये. आमच्या बांधालगतच्या कपाशीत सापडेल. येताना भिंग आण, माझं फुटलंय.