जुनी मराठी नाटकं वाचायला ई-रीडर घ्यावा का? आणि सिनेमा पाहिला असेल तर नाटक वाचायची गरज उरते का?

तुम्ही लिहिलंय की ‘नटसम्राट’ सिनेमा फार आवडला, आता ‘एकच प्याला’पासून जुनी नाटकं वाचायला घ्यायची आहेत, त्यासाठी सहा इंची ई-रीडर मनात आहे, आणि ज्यांच्यावर सिनेमे निघाले ती नाटकं गाळली तर चालेल का. ई-रीडरचं आधी सांगतो, कारण तिथे माझे पैसे गेलेत.

मी बडोद्याचा, घर दांडिया बाजारात. सगळी नोकरी कारखान्यात गेज आणि मीटर दुरुस्त करण्यात गेली, त्यामुळे नवं यंत्र दिसलं की हात शिवशिवतात. चार वर्षांपूर्वी असाच ई-रीडर घेतला. यंत्र म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. त्या पडद्याला वीज लागते ती पान उलटताना, पान नुसतं धरून ठेवायला लागत नाही. म्हणून एकदा चार्ज केला की आठवडेच्या आठवडे चालतो. डोळ्यांनाही बरा. कादंबरी वाचायची असती तर मी तुम्हाला लगेच ‘घ्या’ म्हटलं असतं.

जुन्या नाटकांची गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. ‘संशयकल्लोळ’वाले देवल १९१६ ला गेले, ‘एकच प्याला’वाले गडकरी १९१९ ला, तेव्हा त्यांची नाटकं नेटवर फुकट मिळतात. पण मिळतात ती बहुतेक जुन्या पुस्तकांची स्कॅन, म्हणजे प्रत्येक पान हा एक फोटो. फोटोतली अक्षरं एकटी मोठी होत नाहीत, सगळं पानच फुगतं आणि मग ते इकडून तिकडे सरकवत बसायचं. त्यात नाटकाचं पान कसं असतं? डावीकडे बोलणाऱ्याचं नाव, उजवीकडे वाक्य. वाक्य दिसेल एवढं मोठं केलं की नाव पडद्याबाहेर! एका अख्ख्या प्रवेशात मी ‘एकच प्याला’तल्या सोशिक सिंधूची वाक्यं दारुड्या तळीरामाच्या तोंडी घालत होतो, आणि गडकरी आज असे का लिहितायत म्हणून चक्रावत होतो.

मग हुशारी केली. स्कॅनमधून अक्षरं काढून मोठ्याने वाचून दाखवणारं एक अॅप फोनवर घेतलं. जुन्या छपाईत नाव तोडून पुढे छोटं पूज्य द्यायची पद्धत होती, ‘सुधा०’, ‘राम०’ अशी. अॅप बाई शांतपणे वाचू लागल्या, ‘सुधा शून्य’. आमच्या घरात नाटकाच्या नायकाला, सुधाकरला, अजून तेच नाव आहे.

तेव्हा ई-रीडर नको. दहा इंची टॅब घ्या, जुना चालेल, मी पुतण्याचा टाकाऊ घेतला. किंवा सरळ छापील पुस्तक. नाटकाचं पुस्तक पातळ असतं, खिशाला परवडतं, आणि मोठ्याने वाचताना श्वास घ्यायच्या जागांवर पेन्सिलने खुणा करता येतात.

आता सिनेमा. ‘नटसम्राट’ नाटक १९७० चं, डॉक्टर लागूंनी उभं केलेलं. सिनेमा २०१६ चा, नाना पाटेकरांचा. सिनेमात विक्रम गोखल्यांचा तो मित्र आहे ना, ज्याच्या प्रवेशांना थिएटरात लोक रडले? तो शिरवाडकरांच्या नाटकात नाहीच. वाईट केलाय असं नाही, मला आवडला. पण त्याच्यामुळे नायकाला, अप्पा बेलवलकरांना, बोलायला बरोबरीचा माणूस मिळाला. नाटकात ते बरंचसं एकट्याने, आपल्याशीच बोलतात, आणि तो एकटेपणा वाचतानाच नीट अंगावर येतो. तेव्हा गाळू नका. माझी एकच अट असते, आधी वाचायचं, मग पाहायचं. तुमचा क्रम उलटा झालाय, त्यामुळे आता तुमच्या डोक्यातले बेलवलकर नानांच्याच आवाजात बोलणार. त्याला इलाज नाही.

संगीत नाटकाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे फोन खरोखर उपयोगी पडतो. वाचणारे काय करतात, पद आलं की उडी मारून पुढच्या संवादावर जातात. मीही मारायचो. वर स्वतःशी सबब अशी की ‘एकच प्याला’तली पदं गडकऱ्यांची नाहीतच, वि. सी. गुर्जरांची आहेत. पण पदाच्या डोक्यावर राग, ताल, चाल छापलेली असते, ती बघा. मग फोनवर त्याच पदाची बालगंधर्वांची जुनी तबकडी शोधा आणि पुस्तक समोर धरून ऐका. एक गोष्ट लक्षात ठेवून ऐका. त्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ पडत पडत जे पद रंगत जायचं, ते तिथे कोंबून बसवलंय. घाईत गायल्यासारखं वाटलं तर दोष गाणाऱ्याचा नाही, तबकडीच्या मोजमापाचा आहे.

आणि आमच्या गावाची फुशारकी मारल्याशिवाय मी हे उत्तर संपवणार नाही. गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, आणि महिनाभरातच, फेब्रुवारीत, ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात केला. बालगंधर्व सिंधू, गणपतराव बोडस सुधाकर. लिहिणाऱ्याने आपलं नाटक उभं राहिलेलं पाहिलं नाही, आमच्या पणज्यांनी पाहिलं. (शेजारचे गुजराती काका यावर लगेच गुजराती रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे जयशंकर ‘सुंदरी’ काढतात. काढू देत, तेही थोरच.)

त्याच नाटकाचं आम्ही पाचजण रविवारी सकाळी वाचन करतो, आमच्या ओट्यावरच्या हिंचक्यावर, म्हणजे झोपाळ्यावर, आधी सेव-उसळ आणि मग अंक. दारूबंदीच्या राज्यात बसून आर्यमदिरामंडळाचा, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाचा, प्रवेश वाचायला जी मजा येते ती पुण्यात येणार नाही. तळीराम वाचतात शेजारच्या गुजराती बेन. त्यांना देवनागरी हिंदीमुळे येते, फक्त आपला ‘चमच्या’तला च आणि ‘जावया’तला ज त्यांच्या जिभेला नाही, त्यामुळे तळीराम फार गोड बोलतो. पण सांगायचं ते वेगळंच. गडकऱ्यांची ती लांबलचक, कोट्यांनी आणि अनुप्रासांनी लगडलेली वाक्यं मनात वाचली तर तिसऱ्या पानावर दमायला होतं, मी दोनदा अर्ध्यावर सोडलं होतं. तोंडाने वाचली की कळतं, ती नटाच्या दमासासाठी बेतलेली आहेत. स्वल्पविरामाला थांबा, पुढचा टप्पा आपोआप येतो. बेनना अर्धे शब्द कळत नाहीत, तरी हशा नेमक्या जागी त्याच घेतात.

तरी सुरुवात ‘एकच प्याला’ने करू नका. ‘संशयकल्लोळ’ने करा. गोष्ट मूळची मोलिएरची, इंग्रजीतून फिरून देवलांकडे आली, पण वाचताना कुठे परकी वाटत नाही. सुटसुटीत आहे, विनोद आजही ताजा आहे, आणि नावं लक्षात ठेवायचा त्रास नाही. पुरुष म्हणजे महिने, फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, आणि बायका म्हणजे नक्षत्रं, कृत्तिका, रेवती. पंचांग समोर ठेवलं की पात्रपरिचय झाला. घरात दोघंच असाल तरी एकाने फाल्गुनराव घ्यावा, दुसऱ्याने बाकी सगळे.

टॅब घेतलात तर मागे उभं राहणारं कव्हर नक्की घ्या. पहिल्या अंकात सगळे हातात धरून वाचतात. तिसऱ्या अंकापर्यंत सगळ्यांना हातवारे करायचे असतात, आणि आमचा टॅब हिंचक्यावरून दोनदा पडलाय.