टोलेडो ब्लू स्टॉकिंग्ज: १८८३ सालच्या एका मायनर लीग संघाची हकिकत

मायनर लीगच्या (मेजर लीगच्या खालच्या दर्जाच्या स्पर्धेच्या) सुरुवातीच्या काळातील एखाद्या बेसबॉल संघाचा इतिहास आपण विचारला आहे. मी ओहायो राज्यातील टोलेडो शहराचा ‘ब्लू स्टॉकिंग्ज’ हा संघ निवडतो.

१८८३ मध्ये नॉर्थवेस्टर्न लीगने नॅशनल लीग आणि अमेरिकन असोसिएशन या दोन मोठ्या लीगांशी खेळाडूंच्या करारांबाबत समझोता केला, आणि पुढे मायनर लीग म्हणून ओळखल्या गेलेल्या व्यवस्थेची पायाभरणी झाली. टोलेडोचा संघ त्याच लीगमध्ये होता आणि त्या वर्षीचे विजेतेपदही त्यानेच मिळवले. संघाचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उभा राहून चेंडू झेलणारा खेळाडू, मोझेस फ्लीटवुड वॉकर कृष्णवर्णीय होता. कृष्णवर्णीयांना बंदी घालण्याचा पिओरिया संघाचा प्रस्ताव मार्चमधील बैठकीत चर्चेनंतर मागे घेतला गेला, म्हणूनच तो खेळू शकला.

१० ऑगस्टला शिकागोचा बलाढ्य संघ प्रदर्शनीय सामन्यासाठी टोलेडोला आला. वॉकर मैदानात उतरणार असेल तर आम्ही खेळणार नाही, असे त्यांचा कर्णधार कॅप अ‍ॅन्सन याने बजावले. गंमत अशी, की त्या दिवशी वॉकर खेळणारच नव्हता. त्या काळी कॅचरला आजच्यासारखे जाड ग्लोव्ह नसत, आणि चेंडू झेलून झेलून त्याचे हात सुजले होते. ही अट ऐकताच व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी त्याला मुद्दाम राइट फील्डला (मैदानाच्या उजवीकडे दूरवर) उभे केले, आणि न खेळल्यास तिकिटांच्या उत्पन्नातील वाटा मिळणार नाही, असे अ‍ॅन्सनला सुनावले. अ‍ॅन्सन निमूटपणे खेळला. दहा डावांनंतर शिकागोने सामना ७-६ असा जिंकला. तत्त्वापुढे जे नमले नसते ते गल्ल्यापुढे नमले, असे मला वाटते.

१८८४ मध्ये संघ अमेरिकन असोसिएशनमध्ये गेला आणि वॉकर मेजर लीगमध्ये खेळला, म्हणजे १९४७ मध्ये मेजर लीगची वर्णबंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या ६३ वर्षे आधी. त्याच्याएवढा चांगला कॅचर आपल्याला लाभला नाही, पण तो कृष्णवर्णीय असल्याने कोणता चेंडू टाकायचा हे सुचवणाऱ्या त्याच्या खुणा आपण मुद्दाम पाहत नसू, अशी कबुली संघाचा पिचर (चेंडू टाकणारा) टोनी मुलेन याने पुढे दिली. चेंडू कुठला येणार हे ठाऊक नसताना तो झेलणे म्हणजे काय, हे यष्टिरक्षण केलेल्यांना सांगायला नको. हंगाम संपला आणि संघही मोडला.

वॉकर नंतर न्यूअर्क आणि सिराक्यूझ येथे खेळला. १४ जुलै १८८७ रोजी, न्यूअर्कमध्ये पुन्हा अ‍ॅन्सनच्याच संघाशी सामना असताना, न्यूअर्क आणि सिराक्यूझ ज्या मायनर लीगमध्ये होते, त्या इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीयांचे नवे करार मंजूर न करण्याचे ठरवले. १८८९ नंतर वॉकरला तेथे जागा उरली नाही. त्या लीगचे दार पुन्हा उघडले ते १९४६ मध्ये, मॉन्ट्रियलच्या संघातून रॉबिन्सन खेळला तेव्हा.