फुटबॉलच्या मैदानावर शिव्या सगळेच देतात, मग वर्णद्वेषाच्या आरोपावरून एवढी मोठी बंदी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक खेळाडू म्हणतो, ‘हा मला रंगावरून बोलला.’ दुसरा म्हणतो, ‘नाही बोललो.’ रेकॉर्डिंग काहीच नाही, तरी आठ-दहा सामन्यांची बंदी बसते. हा अन्याय नाही का?

मी पुण्यात स्थानिक लीगचे सामने रेफरी म्हणून करतो. शिव्या रोज कानावर पडतात. माझ्या मते हा अन्याय नाही, आणि ‘पुरावा नाही’ हे तुम्ही जे धरून चालला आहात तेच मुळात बरोबर नाही.

आधी शिव्यांचं बघू. फुटबॉलच्या 12व्या नियमात अपमानास्पद, शिवराळ भाषेला थेट लाल कार्ड आहे. पण पास चुकला म्हणून स्वतःवरच चिडून शिवी हासडणाऱ्याला कुठलाच रेफरी बाहेर काढत नाही. शिवी कुणाला घातली आणि कशावरून घातली, हे बघावं लागतं. खेळावरून दिलेली शिवी बहुतेक वेळा शिट्टीबरोबर संपते. रंगावरून किंवा चेहऱ्यावरून दिलेली तशी संपत नाही. कारण तीच शिवी त्या पोराने रिक्षा स्टँडवर, खोली बघायला गेल्यावर घरमालकाच्या दारात, कॉलेजच्या कँटीनमध्ये ऐकलेली असते. मैदान ही एकच जागा त्याला त्यातून मोकळी वाटत होती, तीही आपण काढून घेतो. दलित-आदिवासी माणसाला चारचौघांत जातीवरून बोललं तर आपल्याकडे ती साधी शिवीगाळ धरत नाहीत, 1989 चा अॅट्रॉसिटी कायदा लागतो. तो याच कारणाने आहे.

आता पुराव्याकडे येतो. लुइस सुआरेझ आणि पॅट्रिस एव्हरा यांचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण ‘शब्दाविरुद्ध शब्द’ म्हणून सगळे त्याचाच दाखला देतात. 15 ऑक्टोबर 2011, लिव्हरपूलचं मैदान अॅनफिल्ड, लिव्हरपूल विरुद्ध मँचेस्टर युनायटेड. लिव्हरपूलचा सुआरेझ मला रंगावरून बोलला, असं युनायटेडच्या एव्हराने सामना चालू असतानाच रेफरीला सांगितलं, संपल्यावर ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्यांना सांगितलं, मग युनायटेडचे मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन यांच्याबरोबर पुन्हा रेफरीच्या खोलीत जाऊन तक्रार नोंदवली. सुआरेझने रंगावरचा तो शब्द वापरल्याचं नाकारलंच नव्हतं. तो म्हणाला, एकदाच वापरला, आणि आमच्या उरुग्वेत तो सहज वापरतात. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्या स्वतंत्र समितीने भाषातज्ज्ञ बोलावले, दोघांची आणि साक्षीदारांची जबानी घेतली, सामन्याचं चित्रण पुन्हा पुन्हा लावून पाहिलं आणि 115 पानांचा निकाल लिहिला. त्यात एक बारीकशी गोष्ट आहे. सुआरेझने एव्हराच्या हाताची कातडी चिमटीत धरली होती. का, असं विचारल्यावर त्याचं आधी म्हणणं होतं की वातावरण निवळावं म्हणून. चित्रण समोर ठेवून उलटतपासणी झाली, तेव्हा तसं नव्हतं हे त्याला कबूल करावं लागलं. इतर मुद्द्यांवरही त्याचं सांगणं चित्रणाशी जुळेना. समितीने निष्कर्ष काढला की तो शब्द सात वेळा वापरला गेला. आठ सामन्यांची बंदी, 40,000 पाउंड दंड.

आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं: सुआरेझ वर्णद्वेषी माणूस आहे असं एव्हरा म्हणाला नव्हता, समितीनेही म्हटलं नव्हतं. आरोप फक्त त्या दिवशीच्या त्या बोलण्यापुरता होता. ‘आमचा पोरगा मनाने चांगला आहे’ हे उत्तर म्हणूनच कामाचं नाही, कारण तसं कुणी विचारलेलंच नसतं. लिव्हरपूलच्या खेळाडूंनी तेव्हा सुआरेझच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घातले होते. 2019 मध्ये त्यांच्यातल्याच जेमी कॅरागरने टीव्हीवर त्याबद्दल एव्हराची माफी मागितली.

आमच्या छोट्या सामन्यांतही हे असंच घडतं. एका सामन्यात कॉर्नरच्या वेळी गोलपाशी ढकलाढकली चालू होती. पुण्यात शिकणारा एक आफ्रिकन मुलगा माझ्याकडे धावत आला, ‘सर, ये मुझे बंदर बोला.’ मी ऐकलं नव्हतं, लाइन्समननेही नाही. मी खेळ थांबवला, दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि त्या मुलाला म्हटलं, जे ऐकलंस ते जसंच्या तसं सांग. मिनिट, शब्द, जवळ कोण कोण उभं होतं, सगळं तिथेच लिहून घेतलं. मग समोरच्या स्टॉपरला, म्हणजे बचावपटूला, विचारलं. तो म्हणाला, ‘काहीच नाही बोललो सर.’ तेवढ्यात त्याचाच कॅप्टन मध्ये पडला, ‘जाऊ द्या ना सर, मस्करीत बोलला तो, गेममध्ये होतं असं.’ ही दोन्ही उत्तरं मी रिपोर्टमध्ये शब्दशः उतरवली. स्वतः ऐकलं नसल्याने लाल कार्ड दाखवणं माझ्या हातात नव्हतं. पुढे समितीसमोर कॅप्टनचं ते वाक्यच निर्णायक ठरलं. सांगा, यात रेकॉर्डिंग कुठे लागलं?

कोर्ट सोडून देतं आणि फेडरेशन शिक्षा करतं, यावरही तुमचा रोख दिसतो. म्हणजे चेल्सीचा कॅप्टन जॉन टेरी याचा किस्सा. ऑक्टोबर 2011 मध्ये समोरच्या संघातल्या अँटन फर्डिनांडला रंगावरून बोलल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. जुलै 2012 मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मॅजिस्ट्रेट कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. सप्टेंबरमध्ये असोसिएशनने मात्र चार सामन्यांची बंदी आणि 2,20,000 पाउंडांचा दंड ठोठावला. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही कंपनीत काम केलेल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. चोरीच्या केसमध्ये कोर्टातून सुटलेला कामगार खात्यांतर्गत चौकशीत दोषी ठरू शकतो, कारण कोर्टाला संशयापलीकडची खात्री लागते आणि चौकशी अधिकाऱ्याला ‘जास्त शक्यता कशाची’ एवढंच बघायचं असतं. कोर्टात प्रश्न तुरुंगाचा नाहीतर गुन्हेगार ठरण्याचा असतो. इथे प्रश्न काही शनिवार बाहेर बसण्याचा आहे. म्हणून मोजमाप वेगळं, आणि ते तसंच असायला हवं.

तक्रार करणाऱ्याला सगळं माफ असतं असंही समजू नका. मार्च 2021 मध्ये स्लाविया प्रागच्या ओंद्रेय कुदेलाने तोंडावर हात धरून रेंजर्सच्या ग्लेन कमाराच्या कानात काहीतरी म्हटलं. युरोपच्या फुटबॉल संघटनेने, यूएफाने, कुदेलाला वर्णद्वेषी वर्तनाबद्दल दहा सामने बाहेर बसवलं, आणि नंतर मारहाण केल्याबद्दल कमारालाही तीन सामने.

आपल्याकडे हे नाही असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. 21 सप्टेंबर 2023 ला कोचीत आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) त्या हंगामातल्या पहिल्याच सामन्यात केरला ब्लास्टर्सच्या ऐबन डोहलिंगकडे बघून बंगळूरूच्या एका खेळाडूने नाक धरून हावभाव केल्याचा आरोप झाला, ब्लास्टर्सने रीतसर तक्रार केली. ऐबन मेघालयचा. पुण्यात खेळणाऱ्या मणिपूर-मिझोरामच्या पोरांना विचारा, ‘चिंकी’ किती वेळा ऐकलं. मोजणं त्यांनी कधीच सोडलंय.

तुमच्या क्लबमधल्या मुलांना एवढं सांगा: असं काही झालं की तिथल्या तिथे रेफरीकडे जा. 2024 पासून फिफाने त्यासाठी खूणही ठरवून दिली आहे, दोन्ही हात मनगटापाशी एकमेकांवर आडवे धरायचे. शब्द जसेच्या तसे सांगा, सौम्य करू नका, वाढवू नका. बदला घ्यायला मैदानातून ड्रेसिंग रूमकडे जाणाऱ्या बोगद्यात थांबू नका. आणि आरोप तुमच्यावर खोटा झाला असेल, तर पहिल्याच विचारणीला जे खरं तेच पूर्ण सांगा आणि शेवटपर्यंत तेच सांगा. ‘काहीच नाही’पासून ‘मस्करीत’पर्यंत घसरलात, तर समितीने तुमच्यावर विश्वास ठेवायला काही शिल्लक राहत नाही.