ताटं उचलायच्या आधी

ताई, तुमचं पत्र वाचलं. नवऱ्याची रविवारीच शिफ्ट, मुलं चर्चला यायला कुरकुर करतात, आणि खानापूरच्या आज्जींची फोनवरची मराठी प्रार्थना नातवंडांच्या डोक्यावरून जाते. आपला विश्वास आता फक्त नाताळापुरता उरला, ही भीती तुम्हाला खाते आहे.

रविवारची काळजी जरा बाजूला ठेवा. देवाची वचनं मुलांच्या मनावर कधी बिंबवायची, तर घरी बसताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना, असं मोशेनं सांगितलं आहे (बायबलमधलं ‘अनुवाद’ पुस्तक, 6:7). म्हणून रात्री जेवण झालं की ताटं उचलायच्या आधी तिथंच प्रार्थना करा. स्तोत्रसंहितेतली चार वचनं, एक गीत, प्रभूची प्रार्थना, एवढंच. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची (1861–1919) भजनं घ्या. अभंगाच्या चालीवरची असल्यानं टाळ्यांच्या ठेक्यावर लहान पोरंही ती पटकन उचलतात.

आज्जींच्या कॉलवर मुलांना नुसतं हात जोडून बसवू नका. त्यांना विचारू द्या, ‘आज्जी, तुझ्यासाठी काय मागू?’ पाऊस लांबलाय, भाताची लावण अडलीय, गुडघा उतरू देत नाही, असं काहीबाही आज्जी सांगतील. मूल तेवढंच मोडक्या मराठीत देवापुढं बोलेल. आज्जींची भाषा त्याला अशीच कळू लागेल.

खरी कसोटी मात्र पुढंच आहे. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हाला सोड’ हे प्रभूच्या प्रार्थनेत रोज म्हणायचं आणि घरात अबोला धरायचा, हे मुलांच्या नजरेतून सुटत नाही. गृहपाठावरून मुलावर उगाच ओरडला असाल, तर प्रार्थनेआधी त्याला सांगा, ‘मघाशी माझं चुकलं, मला माफ कर.’ त्यापुढं ‘पण तूही…’ जोडू नका. नवरा-बायकोनंही मुलांदेखत एकमेकांची माफी मागावी. मोठ्यांना हे फार जड जातं, पण ख्रिस्त मुलांना इथंच दिसतो. मात्र घरात मारहाण होत असेल, तर क्षमेच्या नावाखाली गप्प राहू नका. पाळकांना सांगा, पोलिसांची मदत घ्या.

आता शिफ्टचं. तुम्ही कॅथलिक असाल, तर शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून चालते. इतर मंडळ्यांत आठवड्यात कधी उपासना असते, ते पाळकांना विचारून घ्या.