फर्नेस (घरभर गरम हवा फेकणारं गॅसचं यंत्र) बंद, बाहेर उणे २२, टेक्निशियन परवा येणार. १५०० वॅटचे किती हीटर आणले तर घर गरम राहील?

दोन. दोन्ही एकाच खोलीत, पण वेगवेगळ्या ब्रेकरवर. साधारण इन्सुलेशनच्या दुमजली घराला उणे २२ मध्ये आठ-दहा किलोवॅट सतत लागतात. दीड किलोवॅटचे सहा-सात हीटर घरभर मांडायला गेलात तर घर तापायच्या आधी ब्रेकर पडायला लागतील. १२० व्होल्टवर एक हीटर साडेबारा अँपियर खातो, म्हणजे १५ अँपियरच्या सर्किटवर त्याच्या जोडीला केटलसुद्धा लावता येत नाही. २३० व्होल्टवर साडेसहा अँपियर, तिथे थोडी मोकळीक असते, पण हिशेब तोच. घर नाही, खोली गरम करायची.

तुमच्या प्रश्नात बरंच काही आहे. हॉलमध्ये १३ अंश, फर्नेस कंडेन्सिंग प्रकारची (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता वापरणारी), घरात दोन लहान मुलं, विजेचा हीटर तेल भरलेला घ्यावा की पंख्याचा. पाण्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. दर हिवाळ्यात असे प्रश्न येतात आणि त्यांत पाणी कधीच नसतं. माणूस दोन स्वेटर आणि तीन रजयांत दोन दिवस काढतो. पाइपाला तशी सोय नाही.

तेव्हा आधी मेन व्हॉल्व्ह, घरात येणारं सगळं पाणी बंद करणारा. तो कुठे आहे हे माहीत असून उपयोग नाही, तो फिरतो का ते बघा. वर्षानुवर्षं न हललेला गेट व्हॉल्व्ह अर्ध्यात अडकतो, नाहीतर दांड्याशी गळायला लागतो. गळला तर दांड्याभोवतीचं नट पाव फेरा आवळा, बहुतेक वेळा थांबतं. हे रात्री तीन वाजता छतातून पाणी येत असताना शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं.

"नळ थेंब-थेंब सोडून ठेवा, काही होत नाही" असं तुम्हाला किमान चार जण सांगतील. या सल्ल्याशी माझं जुनं भांडण आहे. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे, आणि अर्धा म्हणूनच महागात पडतो. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं, त्यामुळे जिथे बर्फ तिथेच पाइप फुटणार असं वाटतं. सहसा तसं होत नाही. बर्फाचा बूच पाइपात लांबत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाकडे रेटतो. बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याला जायला वाट नसते, आणि पाणी काही हवेसारखं दबत नाही. नेहमीचा तीन-चार बारचा दाब शंभर बारच्याही वर चढू शकतो. मग जो सांधा कच्चा असेल तो सुटतो, बर्फापासून लांब, कधीकधी चांगल्या उबदार खोलीतसुद्धा. नळ किंचित उघडा असला की हा दाब बाहेर निघून जातो. थेंबाचं खरं काम एवढंच. वाहतं पाणी गोठत नाही वगैरे कारण दुय्यम आहे.

म्हणजे फर्नेस चालू आहे, घर १८-२० ला आहे, आणि फक्त सिंकमागचा एक पाइप बाहेरच्या भिंतीतून गेलाय, तिथे थेंब बरोबर. गरम आणि गार दोन्ही सोडा, कपाटाची दारं उघडी ठेवा. पण फर्नेसच मेली असेल तर धोका एका पाइपाला नसतो, सगळ्या घराला असतो. ओघळणारं पाणी गार सांडपाइपात थरावर थर गोठतं, ड्रेन बुजतो आणि सिंक भरून वाहतं. पाणी पंपाने येत असेल आणि वीज गेली, तर थेंबही संपला. वर आणखी एक: फुटलेला पाइप बर्फ असेपर्यंत गळत नाही, कारण बर्फाच्या बुचानेच मागचं पाणी अडवलेलं असतं. गळती सुरू होते ती घर पुन्हा तापल्यावर, सगळे निवांत झोपलेले असताना, आणि मेन चालू असेल तर रात्रभर.

तुमचे १३ अंश हॉलच्या भिंतीवरचे आहेत. एक साधा थर्मामीटर घरातल्या सगळ्यात गार जागी ठेवा: तळघराचा कोपरा, नाहीतर बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट. तिथे ५ अंश दिसले आणि दुरुस्ती झालेली नाही, की चर्चा बंद, मेन बंद.

बंद करण्याआधी पिण्याचं आणि बादलीचं पाणी भरून घ्या. वॉटर हीटर विजेचा असेल तर त्याचा ब्रेकर पाडा, गॅसचा असेल तर तो बंद करा. टाकीतली पातळी खाली गेली आणि एलिमेंट (पाणी तापवणारी विजेची कांडी) उघडं पडलं तर ते बघता बघता जळतं. मग मेन बंद. वरच्या मजल्यावरचे सगळे नळ उघडा म्हणजे हवा आत येईल, नंतर सगळ्यात खालचा नळ. फ्लश ओढा. शॉवरचा एकच दांडा असेल तर तो मधोमध ठेवा, नाहीतर गरम बाजू भरलेलीच राहते. टाकी रिकामी करायची घाई नको: दोनशे लिटर गरम पाणी इन्सुलेटेड टाकीत दोन दिवसांत गोठत नाही, तिला जोडलेले बारीक पाइप गोठतात. सिंकखालच्या वाकड्या ट्रॅपमध्ये पाणी उरतंच. प्रत्येकात कपभर आणि कमोडमध्ये लिटरभर गुलाबी अँटिफ्रीझ ओता, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं. गाडीचं नको, ते बहुधा एथिलीन ग्लायकॉलचं असतं आणि विषारी आहे. ट्रॅप कोरडा सोडलात तर गटाराचा वायू घरात येतो.

आता फर्नेस. थर्मोस्टॅटची बॅटरी, ब्रेकर, फर्नेसजवळचा दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच, नीट न बसलेलं दार, हे तुम्ही पाहिलं असेल असं धरतो. फिल्टर चोंदला असेल तर काढून टाका, दोन दिवस त्याच्याविना चालेल. चोंदलेल्या फिल्टरने हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा भाग) फार तापतो, जादा तापल्यावर सुटणारा लिमिट स्विच गॅस तोडतो आणि पंखा मात्र गार हवा फेकत राहतो.

पण एरवी धडधाकट असलेली कंडेन्सिंग फर्नेस नेमकी कडाक्यात बंद पडली की माझा पहिला संशय भिंतीबाहेरच्या दोन पांढऱ्या पाइपांवर (एक धूर सोडणारा, एक हवा घेणारा) आणि दुसरा तिच्यातल्या पाण्याच्या निचऱ्यावर. बाहेर जा. वाऱ्याने रचलेला बर्फ पाइपाच्या तोंडापर्यंत आलाय का? पक्षी शिरू नयेत म्हणून कोणी तोंडावर जाळी बसवलीय का? धुराच्या पाइपातून निघालेली ओलसर वाफ शेजारच्या हवेच्या पाइपात ओढली जाते, जाळीच्या प्रत्येक तारेवर तुषार धरतो आणि दोन-तीन रात्रींत तिची पांढरी चकती होते. लांबून पाइप मोकळा दिसतो, जवळ बोट नेलं तरच कळतं. जाळी काढा आणि हिवाळा संपेपर्यंत लावू नका.

तोंडं मोकळी असतील तर दार काढून कंट्रोल बोर्डवरचा लुकलुकणारा दिवा मोजा. कोणत्या लुकलुकीचा अर्थ काय ते दाराच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. "प्रेशर स्विच ओपन" असं निघालं तर थेट नवा स्विच मागवू नका. दहातले आठ वेळा स्विच ठणठणीत असतो, हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण भरवशाचा. क्रम असा: थर्मोस्टॅट उष्णता मागतो, इंड्यूसर नावाचा छोटा पंखा धूर बाहेर ओढायला लागतो, त्याच्या ओढीने रबरी नळीतून प्रेशर स्विच मिटतो (म्हणजे सर्किट जोडतो), तो मिटला तरच इग्नायटर तापतो आणि मग गॅस सुटतो. ही फर्नेस सतत चालली तर तासाला लिटर-दोन लिटर पाणी बनवते. ते फर्नेसच्या स्वतःच्या ट्रॅपमधून ड्रेनमध्ये जातं. ड्रेनचा पाइप थंड गॅरेजमधून किंवा थेट भिंतीबाहेर गेला असेल तर टोकाला गोठतो, पाणी मागे चढतं, ट्रॅप भरतो, आणि शेवटी त्या रबरी नळीत पाणी शिरतं. नळीत बोटभर पाणी असलं तरी स्विच मिटत नाही. इंड्यूसर घरघरतो, आतून डबडब आवाज येतो आणि पुढे काही होत नाही.

वीज पूर्ण तोडा. नळी स्विचच्या तोंडाकडून काढा आणि पाणी कपात गळू द्या. नळीत फुंकायचं असेल तर ती दोन्हीकडून सुटी करूनच. स्विचला लावलेली असताना फुंकलंत तर आतला पातळ पडदा फाटतो आणि मग खरोखरच नवा स्विच लागतो. ट्रॅप सोडवून कोमट पाण्याने धुवा, आतला चिकट गाळ जाऊ द्या, पुन्हा पाण्याने भरून बसवा. ट्रॅपविना फर्नेस चालवू नका. गोठलेल्या ड्रेनवर गरम पाणी ओता, उकळतं नको. तरीही सुटला नाही तर फर्नेसच्या पुढचा, घरातल्या उबेतला सांधा सोडा आणि निचरा बादलीत घ्या. दर दोन तासांनी बादली ओतावी लागेल. हातमोजे घाला, ते पाणी आम्लधर्मी असतं. प्रेशर स्विचच्या दोन तारा एकमेकींना जोडून फर्नेस "चालू" करून देणारे महाभाग आहेत. तो स्विच धूर बाहेर जातोय याची हमी आहे, दुसरं काही नाही. त्यांना घरात घेऊ नका.

ज्योत पेटून तीन-चार सेकंदांत विझत असेल तर संशय फ्लेम सेन्सरवर, म्हणजे ज्योत आहे का ते ओळखणाऱ्या भागावर. एका स्क्रूवरची दांडी, बारीक स्टील वूलने हलकी घासायची, झालं. शेजारचा इग्नायटर बोटांनी धरू नका, ठिसूळ असतो. तीन-चार प्रयत्न फसले की बोर्ड स्वतःला बंद करून घेतो. वीज अर्धा मिनिट तोडून लावली की पुन्हा प्रयत्न करतो. हे एकदा, फार तर दोनदा. फर्नेस गॅसऐवजी तेलावर असेल तर तिच्या बर्नरचं पुन्हा पेटवायचं लाल बटण तर एकदाच. दर दाबाला आत तेल फवारलं जातं, न जळलेलं साचतं, आणि पेटतं तेव्हा सगळं एकदम.

खोलीबद्दल तुम्ही विचारलंय म्हणून: दक्षिणेकडची, कमी खिडक्यांची लहान खोली, सगळी माणसं तिथेच. तेल भरलेला हीटर झोपेत बरा, पंख्याचा पटकन तापवायला. पडद्या-पांघरुणांपासून मीटरभर लांब, प्लग थेट भिंतीत, एक्स्टेन्शन नाही. प्लग हाताला गरम लागला तर सॉकेट सैल आहे, दुसरं घ्या.

गॅसची शेगडी किंवा ओव्हन उबेसाठी पेटवायचं नाही, कोळसा घरात नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवूनही गाडी चालू ठेवायची नाही. जनरेटर घरापासून किमान सहा मीटर, धूर खिडक्यांच्या उलट दिशेला. टेक्ससमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत वीज गेल्यावर शेकडो लोकांना कार्बन मोनॉक्साइडची (वास न येणाऱ्या विषारी वायूची) बाधा झाली ती याच उद्योगांतून. या वायूचा अलार्म वाजला नाही म्हणजे सगळं ठीक, असंही नाही. अमेरिकी मानकाचा अलार्म ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग) वाजायला एक ते चार तास घेऊ शकतो. एकाच वेळी दोघांचं डोकं दुखायला लागलं की बाहेर पडा, अलार्मची वाट बघू नका.

थोडं राहिलंच. घरात फायर स्प्रिंकलर त्याच लाइनवर असतील तर मेन परस्पर बंद करू नका, आधी माहितगाराला विचारा. रेडिएटरवाल्यांनी मेन बंद केल्याने रेडिएटर रिकामे होत नाहीत, तिथलं पाणी वेगळं फिरतं आणि वेगळं गोठतं. तान्हं बाळ किंवा सत्तरीपुढचं माणूस असेल आणि ती एक खोलीही १६-१८ ला राहत नसेल, तर घर सोडा. पाणी काढलेलं घर दोन दिवस एकटं राहू शकतं.

फर्नेस चालू झाली की मेन धाडकन उघडू नका. सगळीकडे १० अंशांच्या वर गेलं की नळ उघडेच ठेवून मेन पाव फेरा सोडा आणि गप्प उभं राहून ऐका. नळातून फुसफुस यायला हवी, भिंतीतून नाही. खालचे नळ एकसंध वाहायला लागले की बंद करत वर जा. वॉटर हीटरचा ब्रेकर सगळ्यात शेवटी, गरम नळातून हवेचा एकही फटका येत नाहीसा झाल्यावर.